जिनिंगचा रोजगार कापडाच्या रकान्यात सापडत नाही

कापूस पट्ट्यातल्या एखाद्या तालुक्यात आयटीआयचा नवा ट्रेड मागायचा असला, की कुणीतरी पोर्टलवरून आकडे उतरवतं आणि प्रस्तावात लिहून टाकतं, "वस्त्रोद्योग: नगण्य." इकडे गावाबाहेर रस्त्याच्या दोन्ही अंगांना जिनिंग उभ्या असतात. गोची कोडची आहे. राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरण २००८ मध्ये सरकी काढून रुईच्या गाठी बांधण्याचा कोड ०१६३२ आहे, म्हणजे चक्क शेतीच्या घरातला. कापड १३ पासून सुरू होतं. भंडारा-गोंदियात राईस मिलसाठी १०६१२ पाहा, डाळ मिलला १०६१३, विडीला १२००२. जिल्हा उद्योग केंद्राकडे उद्यम नोंदणीची (लहान-मध्यम उद्योगांच्या सरकारी नोंदणीची) यादी मागताना उद्योगाचं नाव सांगू नका, पाच अंकी कोड सांगा. एका नोंदणीवर अनेक कोड असू शकतात, त्यामुळे कोड मोजले तर युनिट फुगतात; नोंदणी क्रमांक मोजा. कामगारसंख्याही मालकानेच भरलेली असते, हेही ध्यानात ठेवा.

भविष्य निर्वाह निधीचे आकडे ताजे असतात, पण तो कायदा साधारणपणे वीस किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना लागतो. मोटर रिवाइंडिंगचं दुकान, ट्रॅक्टरचं गॅरेज, वेल्डिंगचा टपरीवजा कारखाना त्यात येतच नाही. खाणीत किंवा सिमेंटमध्ये नोंद बऱ्याचदा मुख्य कार्यालयाच्या शहरावर पडते, घाम मात्र वणी-राजुऱ्यात गळतो.

नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणात (रोजगार-बेरोजगारी मोजणाऱ्या केंद्राच्या पाहणीत) जानेवारी २०२५ पासून जिल्हा हा मूळ स्तर धरतात, म्हणजे नमुना जिल्हावार निवडतात. त्यामुळे जिल्ह्याचा आकडा काढायचा मोह होतो. आधी नमुना पाहा. समजा तुमच्या जिल्ह्यात नमुन्यात ४०० तरुण आहेत आणि बेरोजगारी १२ टक्के निघाली. साध्या हिशेबाने चूक ±३.२ टक्क्यांची. पण नमुना गावागावांतून गटाने उचललेला असतो, म्हणून विचरण (चूक ज्याच्या वर्गमुळावर ठरते ते) दुप्पट धरा, चूक ±४.५ वर जाते. म्हणजे खरा आकडा साडेसात ते साडेसोळा यांत कुठेही. गेल्या वर्षी ११ होता, यंदा १२ झाला, यावर बैठक घेण्यात अर्थ नाही. तालुक्याचा आकडा तर यातून काढूच नका. कच्ची फाइल वापरत असाल तर मल्टिप्लायर (नमुन्यातला एक माणूस किती जणांच्या वतीने मोजायचा तो गुणक) लावल्याशिवाय टक्केवारी काढू नका, आणि मुख्य कामासोबत दुय्यम कामाचा रकानाही उघडा. जिनिंगमध्ये हंगामापुरती जाणारी बाई वर्षाच्या हिशेबात शेतमजूरच दिसते. तेंदूपत्त्याचंही तसंच, ते काम उन्हाळ्यातल्या थोड्या आठवड्यांचं.

आता खरा हिशेब. समजा तालुक्यात १४ जिनिंग आहेत, दर जिनिंगला डबल रोलर मशीनचे २ फिटर, म्हणजे २८ जागा. दरवर्षी दहातला एक माणूस बदलतो असं धरलं तर नवी मागणी वर्षाला ३. जोडारीचं (फिटरचं) एक युनिट, म्हणजे एक तुकडी, २० मुलांचं आणि दोन वर्षांचं. दरवर्षी नवी तुकडी घेतली, तर पहिली बाहेर पडली की वर्षाला २० तयार. उरलेले १७ कुठे जाणार, ते प्रस्तावात नावानिशी लिहावं लागतं: बुटीबोरी, चंद्रपूर, की नांदगाव पेठ, अशा कोणत्या औद्योगिक भागात. शेजारच्या दोन तालुक्यांतले आयटीआय तेच ट्रेड चालवत असतील, तर तीही मुलं याच दाराशी उभी राहणार. त्यांची मंजूर प्रवेशक्षमता घेऊ नका, भरलेल्या आणि उत्तीर्ण झालेल्या जागा घ्या. दोन्हींत मोठी तफावत असते.

मालकांना "कुशल मनुष्यबळ हवं का?" असं विचाराल तर सगळेच हो म्हणतील, होकाराला पैसे पडत नाहीत. त्याऐवजी विचारा: गेल्या बारा महिन्यांत किती घेतले, कोणत्या महिन्यात, किती पगारावर, कुठून आले, किती सोडून गेले. दहा-बारा ठिकाणी एवढं विचारलं तरी चित्र बदलतं. बहुतेकदा मागणी जोडारीपेक्षा वीजतंत्र्याची निघते, कारण जिनिंग, राईस मिल, कृषिपंप आणि सोलर पंप हे चारही त्याच्याच दारात येतात.

शेवटी एक गोष्ट कोणत्याही पोर्टलवर नसते: एसटीचं वेळापत्रक. सकाळची गाडी आयटीआयच्या पहिल्या तासानंतर पोचत असेल, तर लांबच्या गावांतल्या मुली यादीत दिसतील, वर्गात दिसणार नाहीत. प्रस्तावाला जोडायचा पहिला कागद तोच.