एकदाच म्हणायची प्रार्थना

मंगळवार, रात्र

"ताई, आता ४३," तो म्हणाला आणि खुर्चीचा हात घट्ट धरून बसला.

कोल्हापूरबाहेरच्या माणसाला हे कळायचं नाही. जुलै लागला की आमच्या सगळ्या गावाचा जीव राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीत अडकतो. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. भीती मोजायला आम्ही समुपदेशक शून्य ते शंभर अशी पट्टी वापरतो. ती मी माझ्याकडे येणाऱ्या या पोराला पहिल्या भेटीत समजावून सांगितली, तर ६० म्हणू की ७० यातच गडी अर्धा तास अडकला. चुकीचा आकडा सांगितला तर ते खोटं बोलणं, आणि खोटं बोलणं म्हणजे पाप. शेवटी मीच म्हटलं, बाबा, फुटांत सांग. लगेच जमलं. २०१९ ला पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली तेव्हा यांच्या घरात पाणी शिरलं होतं. त्यामुळे पट्टीचं वरचं टोक कुठे हे त्याला शिकवावं लागलं नाही.

(त्याचं वय, शिक्षण, घरचे तपशील बदलून लिहितेय. वही माझी असली तरी दुखणं त्याचं आहे.)

दुखणं असं, की रात्री झोपताना तो येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना म्हणायला घेतो. 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' इथपर्यंत ठीक. पुढे 'तुझे नाव पवित्र मानले जावो' आलं की नेमका 'पवित्र' या शब्दावर एक घाणेरडी शिवी मनात उमटते. मग ती प्रार्थना बाटली. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तीच जागा, तीच शिवी. किती वेळा, हे मोजायचं त्याने सोडून दिलंय. आई मोजते. "पोरगं भिंतीकडं तोंड करून दोन-दोन वाजेपर्यंत पुटपुटत बसतंय ओ ताई. मधीच कपाळावर मारून घेतंय. आधी वाटलं, किती देवभीरू झालंय लेकरू!" चर्चच्या मंडळीतही कौतुक झालं म्हणे. युवक संघात त्याला प्रार्थना चालवायला सांगत होते.

त्याची खरी भीती आणखी आत आहे. बायबलमध्ये मत्तयाच्या बाराव्या अध्यायात पवित्र आत्म्याविरुद्धच्या दुर्भाषणाला क्षमा नाही असं आहे. ती शिवी म्हणजे तेच पाप, असं त्याने धरलंय.

मराठीत याला मंत्रचळ म्हणतात. ओसीडी हे नाव घराघरांत पोचायच्या कितीतरी आधीपासून आपल्याकडे हा शब्द आहे, आणि तो किती नेमका! मंत्रच चळलाय. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड, त्याने १९०७ साली एक निबंध लिहिला होता. मंत्रचळ झालेल्या माणसाच्या कृती आणि धार्मिक माणसाचे विधी किती सारखे दिसतात, असा त्याचा विषय. एम.ए.ला तो वर्गात शिकवला तेव्हा दोन-तीन माना माझ्याकडे वळल्या होत्या. वर्गात ख्रिस्ती मी एकटीच. तेव्हा राग आला होता. आज वाटतं, दिसतात खरे सारखे. पण साम्य बघून थांबणं सोपं, फरक कुठे पडतो ते बघायला शेजारी बसावं लागतं. प्रार्थना झाली की माणूस हलका होतो. हा पोरगा प्रार्थनेतून उठतो तेव्हा त्याचा शर्ट घामाने भिजलेला असतो.

बुधवार

आज माझीच चूक लिहायची आहे. काल टाळली.

दुसऱ्या भेटीत तो रडायला लागला. "ताई, तुम्ही विश्वासातल्या आहात. खरं सांगा, देव मला क्षमा करेल का?" आणि मी म्हटलं, "अरे, केलीच आहे." मनापासून म्हटलं. माझा तो विश्वास आहे, त्यात मी काही जोडलं नव्हतं. त्याचा चेहरा असा निवळला की मला वाटलं, यासाठीच देवाने मला या खुर्चीत बसवलं असणार.

सुपरव्हायझर मॅडमना हे फोनवर सांगितलं. त्या कुठल्याच देवळात जात नाहीत. ऐकून घेतलं आणि विचारलं, "किती वेळ पुरलं त्याला?"

मी त्याला विचारलं. तर केएमटी बसच्या स्टॉपपर्यंत.

स्टॉपवर पोचेपर्यंत त्याच्या मनात आलं, ताईंना मी नेमकी कोणती शिवी ते सांगितलंच नाही, मग त्यांनी दिलेला दिलासा लागू होतो का? आणि त्या रात्री तो आधीपेक्षा जास्त वेळ बसला. धीर देणं हेच या आजाराचं खाद्य. हात धुणाऱ्याला साबण पुरवावा तसं. हे मला पाठ होतं, परीक्षेत लिहून मार्क घेतले होते. पण बोलणं श्रद्धेचं होतं ना, म्हणून ते या नियमात बसतं हे माझ्या ध्यानातच आलं नाही. खरी गोष्टसुद्धा दिवसातून दहा वेळा गोळीसारखी घेतली की तिचं व्यसन लागतं.

पाळकसाहेबांचंही तेच चाललं होतं असं नंतर कळलं. रोज रात्री अकराला याचा फोन, आणि रोज ते न कंटाळता क्षमेचं वचन वाचून दाखवत. माणूस सोन्यासारखा. आम्ही दोघं मिळून त्याला आजारी ठेवत होतो.

गुरुवार

उपाय सांगायला अगदी साधा आहे आणि करायला महाकठीण. व्हिक्टर मायर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने लंडनमध्ये १९६६ साली तो पहिल्यांदा मांडला. ज्याची भीती वाटते त्याच्यासमोर उभं राहायचं आणि नेहमीची कृती करायची नाही. भीती आपोआप चढते, थांबते, उतरते. निदान ती सोसता येते हे तरी कळतं. या पोराच्या बाबतीत याचा अर्थ, प्रार्थना एकदाच म्हणायची. मध्ये शिवी आली तर येऊ द्यायची, पुढच्या ओळीवर जायचं, 'आमेन' म्हणून दिवा मालवायचा. क्षमा मागायची नाही.

हे वाक्य मला उच्चारायचं होतं. "क्षमा मागू नकोस." सनडे स्कूलपासून जे शिकले, त्याच्या बरोब्बर उलट. मी दोन दिवस ते टाळलं, कामाच्या नावाखाली फायली आवरल्या.

मग आज पाळकसाहेबांकडे गेले, त्याची लेखी परवानगी घेऊन. चहा झाला. मी भीतभीत योजना सांगितली. ते बराच वेळ गप्प. उठून पवित्र शास्त्र आणलं आणि मत्तयाचा सहावा अध्याय उघडून माझ्यापुढे सरकवला. मी जन्मापासून ऐकत आलेय तो उतारा, पण प्रार्थनेच्या वरची दोन वचनं कधी नीट वाचलीच नव्हती. प्रभू ही प्रार्थना शिकवतो ती कशाच्या पाठोपाठ? प्रार्थना करताना व्यर्थ बडबड करू नका, पुष्कळ बोललं म्हणजे ऐकलं जातं असं समजू नका, याच्या लगेच पाठोपाठ! पाळकसाहेब म्हणाले, "एकदाच म्हणायला शिकवलीय ती. आमचंच लक्ष नव्हतं."

मग त्यांनी धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरची गोष्ट काढली. मठात असताना तो स्टाउपिट्झ या आपल्या वरिष्ठाकडे कधी कधी सहा-सहा तास पापं कबूल करत बसायचा, आणि उठून गेल्यावर राहिलेलं आठवलं की परत यायचा. मी त्यांना जेझुइट संघाचा संस्थापक इग्नाशियस लोयोला याची सांगितली. १५२२ मध्ये स्पेनमधल्या मानरेसा गावात त्याची हीच गत झाली होती, जीव द्यावासा वाटण्यापर्यंत. शेवटी त्याने ठरवलं, जुनी पापं पुन्हा कबूल करायची नाहीत. मायरच्या साडेचारशे वर्षं आधी! एक प्रोटेस्टंटांचा, एक कॅथलिकांचा, आणि आम्ही शाहूपुरीत बसून दोघांच्या केस हिस्टऱ्या मांडतोय, याचं आम्हा दोघांनाही हसू आलं. या त्रासाला युरोपात जुनं नाव आहे, स्क्रुप्युलॉसिटी, ते लॅटिनमधल्या टोकदार बारीक खड्याच्या शब्दावरून. ते ऐकून पाळकसाहेबांनी दाराशी काढलेल्या आपल्या कापशी चपलेकडे पाहिलं. चपलेत खडा गेला की माणूस चालायचं कुठे ते विसरतो, खड्याचाच विचार करतो.

ठरलं असं: रात्रीचा फोन ते उचलणार नाहीत. म्हणाले, "अवघड आहे हो. मेंढरू ओरडतंय आणि मी गप्प पडून राहायचं." मी काही बोलले नाही. माझंही तेच आहे.

शनिवार

आई आली होती. सायकियाट्रिस्टनी गोळ्या लिहून दिल्यात, त्या चालू करायच्या का म्हणून. खरा प्रश्न वेगळाच होता. "गोळ्या घेतल्या म्हंजे इश्वास कमी, असं हुतं का?" कुणीतरी त्यांना तसं बोललं होतं. बाबा गेले त्या वर्षी मी सहा महिने अंथरुणातून उठू शकत नव्हते, तेव्हा मलाही अगदी याच शब्दांत ऐकवलं गेलंय. कुणी ते लिहीत नाही. पण ते वाक्य मला अजून सुरासकट आठवतं.

काकूंना विचारलं, तुमचं अपेंडिक्सचं ऑपरेशन कुठे झालं? मिरजेला. तिथे १८९४ पासून मिशनचा दवाखाना. आपल्याकडच्या जुन्या माणसांना प्रार्थना करून सुरी हातात घेणारा डॉक्टर नवा नाही. मग पोटाला चालतं ते डोक्याला का नाही? काकू पदराशी चाळा करत म्हणाल्या, "तसं बगितलं तर व्हय की." गोळ्या पर्समध्ये टाकल्या. पटलं की मला वाईट वाटू नये म्हणून म्हणाल्या, ठाऊक नाही.

बायबलमधल्या एलीया संदेष्ट्याचं मी त्यांना सांगितलं नाही, उगाच प्रवचन नको. पण मला स्वतःला त्या अंथरुणात त्याचाच आधार होता. झुडपाखाली पडून मरण मागणाऱ्या संदेष्ट्याला देवदूत उपदेश करत नाही. भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, उठवून पुन्हा खायला घालतो. देवाचं बोलणं त्यानंतर कितीतरी दिवसांनी.

परवा एका मैत्रिणीने विचारलं, तू ख्रिस्ती समुपदेशक की साधी? माझ्या खोलीत भिंतीवर क्रूस नाही. येणारे बहुतेक हिंदू, काही मुसलमान, काही जैन. अंबाबाईला प्रदक्षिणा चुकली म्हणून पुन्हा पहिल्यापासून मोजणारी एक बाई याच खुर्चीत बसून गेली, तिच्याही बाबतीत उपाय हाच होता. तिला मी येशू सांगितला नाही आणि सांगणारही नाही. माझ्याकडे ती त्यासाठी आलेली नव्हती. मैत्रिणीला पटलं नाही. झुरिकचा पाळक ऑस्कर फिस्टर १९०९ पासून फ्रॉइडचा मित्र होता. फ्रॉइडने १९२७ ला धर्माला भ्रम ठरवलं, याने पुढच्याच वर्षी छापील उत्तर दिलं, आणि फ्रॉइड वारेपर्यंत मैत्री टिकली. मला तो माणूस आवडतो. फ्रॉइड असो की चर्च, कुणालाही खूश करायला त्याने खुर्ची बदलली नाही.

रविवार, रात्र

उपासनेत प्रभूची प्रार्थना सुरू झाली आणि 'रोजची भाकर' येईतो माझं मन पाणीपातळीवर. किती फूट झालं असेल? पुढचं तोंडाने म्हटलं. मागे गेले नाही.

आत्ता पावणेबाराला त्याचा मेसेज आला. रात्री मेसेज करायचा नाही असं ठरलंय, तरी आला. 'ताई, एकदाच म्हटली. मध्ये आलं. पुढं गेलो. ५१ झालं होतं, आता ४४ वर आहे. बरोबर केलं ना?'

'शाब्बास' टाइप केलं. बघत बसले. शेवटच्या तीन शब्दांसाठीच हा मेसेज आहे.

पुसून टाकलं. फोन उशीखाली ठेवला, मग तिथून काढून स्वयंपाकघरात ठेवून आले. पत्र्यावर पाऊस वाजतोय.