तीन टक्क्यांचा अर्थ

२०२५च्या फेब्रुवारीत '२०२४ वायआर४' या लघुग्रहाच्या बातम्यांना ऊत आला होता. चिलीतील ॲटलास दुर्बिणीला तो २७ डिसेंबर २०२४ रोजी, म्हणजे पृथ्वीजवळून निघून गेल्यावर दोन दिवसांनी, दिसला. २२ डिसेंबर २०३२ रोजी तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता जानेवारीअखेर एक टक्क्याच्या पुढे गेली आणि १८ फेब्रुवारीला नासाच्या गणितानुसार ३.१ टक्क्यांवर पोहोचली. संभाव्य आघाताचा पट्टा पूर्व प्रशांत महासागरापासून आफ्रिका आणि अरबी समुद्रावरून दक्षिण आशियापर्यंत येत असल्यामुळे आपल्याकडच्या वाहिन्यांनी त्यात मुंबईचे नाव ठळकपणे घेतले. "अहो, आकडा रोज वाढतोय, म्हणजे तो रोज जवळ येतोय ना?" असे आमच्या सोसायटीतील एका आजोबांनी मला विचारले. वास्तविक त्या दिवसांत तो आपल्यापासून दूर चालला होता.

हा वाढता आकडा नेमका कशाचा होता, हे मात्र फारसे कोणी सांगितले नाही. मोजक्या निरीक्षणांवरून लघुग्रहाची एकच कक्षा ठरत नाही. त्या निरीक्षणांशी जुळणाऱ्या असंख्य कक्षा निघतात आणि त्या सगळ्या २०३२पर्यंत पुढे नेल्या की त्या दिवशी लघुग्रह असू शकेल अशा जागांची एक लांबलचक, अरुंद पट्टी तयार होते. समजा, ही पट्टी पावणेतेरा लाख किलोमीटर लांब आहे आणि सुमारे पावणेतेरा हजार किलोमीटर व्यासाची पृथ्वी तिच्यात कुठेतरी येते; तर ढोबळमानाने शक्यता एक टक्का झाली. नव्या निरीक्षणांमुळे पट्टी आखडून चार लाख किलोमीटरची झाली आणि पृथ्वी अजूनही तिच्यातच असली, तर तीच शक्यता तीन टक्क्यांवर जाते. (पट्टीतील सर्व जागा सारख्याच संभाव्य नसतात, त्यामुळे खरे गणित याहून किचकट असते.) पृथ्वी तीच, लघुग्रहही तोच, कमी झाले ते फक्त आपले अज्ञान. पुढे पट्टी आणखी आखडून तिचे टोक पृथ्वीच्या अलीकडेच थांबले की आकडा एकदम कोसळतो, आणि फेब्रुवारी संपण्यापूर्वी नेमके तेच घडले. २००४ साली अपोफिस या लघुग्रहाच्या बाबतीतही शक्यता अशीच २.७ टक्क्यांपर्यंत चढून खाली आली होती, हे ठाऊक असलेल्यांच्या पाचावर धारण बसली नाही.

आकाराचा प्रश्न मला अधिक रंजक वाटतो. साध्या दुर्बिणीला फक्त परावर्तित प्रकाश दिसतो, आणि काळपट पृष्ठभागाचा मोठा खडक व उजळ पृष्ठभागाचा लहान खडक सारखेच तेजस्वी दिसू शकतात. म्हणून सुरुवातीचा अंदाज ४० ते ९० मीटर असा ऐसपैस होता. मार्च २०२५मध्ये जेम्स वेब या अंतराळ दुर्बिणीने त्याची उष्णता अवरक्त किरणांत मोजली, तेव्हा तो सुमारे ६० मीटरचा ठरला. १९०८ साली सैबेरियातील तुंगुस्का येथे साधारण याच आकाराची वस्तू हवेतच फुटून सुमारे दोन हजार चौरस किलोमीटर जंगल आडवे झाले होते, तेव्हा यंत्रणांनी बाळगलेली सावधगिरी अनाठायी नव्हती.

वेबच्याच निरीक्षणांमुळे पट्टी आणखी आखडली, तेव्हा चंद्र तिच्यात शिल्लक राहिला आणि जून २०२५मध्ये लघुग्रह चंद्रावर आदळण्याची शक्यता सुमारे ४.३ टक्क्यांपर्यंत वाढली. या वाढीचा अर्थही वरच्या पट्टीवरूनच लावायचा. हा लघुग्रह साधारण चार वर्षांनी सूर्याभोवती एक फेरी पूर्ण करतो, त्यामुळे २०२८च्या अखेरीस तो पुन्हा जमिनीवरील दुर्बिणींच्या टप्प्यात येईल.