आमची वाटचाल : मकरपुऱ्यातली अर्धी शेड

१९९७ साली बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) इंजिनांच्या हेडवर्कसाठी अर्धी शेड भाड्याने घेतली, तेव्हा जवळ एक डायग्राइंडर, सहा-सात कार्बाइडचे बर (धातू खरवडायची फिरती टोकं), व्हॉल्व्हच्या बैठका कापायचे ३०-४५-६० अंशांचे सीट कटर आणि वडिलांचा जुना व्हर्नियर एवढंच होतं. मावसभाऊ भागीदार, हिशेब त्याचा, हेड, म्हणजे सिलिंडरवर बसणारे इंजिनाचे वरचे भाग, माझी. दहाएक वर्षं बरी गेली.

मग आमच्याच हाताखाली शिकलेल्या एका पोराने मागच्या गल्लीत दुकान थाटलं. त्याचे पोर्ट, म्हणजे हेडमधल्या हवेच्या वाटा, आरशासारखे चकाचक आणि अंगठा सहज जाईल एवढे रुंद. गिऱ्हाईक खूश, कारण चमक डोळ्यांना दिसते, हवेचा वेग दिसत नाही. इनटेक, म्हणजे हवा आत घेणारा पोर्ट, वाजवीपेक्षा मोठा केला की खालच्या आरपीएमला हवा मंदावते आणि गाडी मांडवीच्या गर्दीत मरते, हे कोण सांगणार? इनटेकला ८० नंबरचा पेपर पुरे. हौसच असेल तर एक्झॉस्ट चमकवा.

पण धंदा तुटला तसा मीही बहकलो. एका एस्टीम गाडीच्या हेडला पोर्टचं छत नको तेवढं खरवडलं आणि प्रेशर टेस्ट न करता गाडी दिली. वॉटर जॅकेटची, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या पोकळीची, भिंत कागदाएवढी उरली होती, ती कुठेतरी फुटली. रात्रभर पाणी सिलिंडरमध्ये उतरलं. सकाळी सेल्फ मारला, पाणी काही दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकला. इंजिनाचे सगळे पैसे भरून दिले. बायकोच्या पाटल्या गेल्या, मावसभाऊ गेला. त्या पोराने गावभर केलं ते वेगळंच. त्याला बर धरायला मीच शिकवलं होतं.

सगळे पांगले तेव्हा दांडिया बाजारातले एक सर तेवढे आले. जिप्सीवाले, पहिल्या वर्षापासूनचे. भंगारातलं एक हेड टेबलावर ठेवून म्हणाले, "हे आडवं काप आणि बघ, कुठे किती मांस आहे ते." दोन दिवस हॅक्सॉने कापलं. वळणावर, जिथे पोर्ट सीटकडे उतरतो, तिथली भिंत पाहून हात गार पडले. ते अर्धं हेड अजून खिळ्याला टांगलंय. नवा मुलगा आला की आधी त्यात बोट घालायला लावतो.

आणि कॉम्प्रेशन वाढवायला फेस मारून (हेडचा तळ घासून) घेणाऱ्यांनो, अंदाजाने मारू नका. एस्टीमचं १२९८ सीसी भागिले चार सिलिंडर म्हणजे ३२४.५. नवास एक कॉम्प्रेशनला पिस्टनच्या वर ४०.६ सीसी जागा लागते, दहास एकला ३६. गास्केट आणि पिस्टनचा खड्डा त्यातच धरायचा. ही जागा मापायची ब्युरेट (खुणांची नळी) आणि अ‍ॅक्रिलिकची चकती काही महाग नाही. टायमिंग बेल्टवाल्या इंजिनात फेस मारल्यावर कॅमचं (व्हॉल्व्ह उघडण्याचं) टायमिंग थोडं मागे पडतं, तेही तपासा.

सरांची जिप्सी आजही आमच्याकडेच येते. त्या पोराच्या पाटीवर मात्र अजून लिहिलेलं आहे, 'बडोद्यातले पहिले हेडवर्क'. पहिले!