एका पानाच्या पत्रासाठी सात आठवडे: लष्कराला विमान भाड्याने देतानाचा माझा अनुभव

विमान हँगरमध्ये उभं, वैमानिक बसून, कंत्राटावर दोन्हीकडच्या सह्या झालेल्या. घोडं अडलं होतं ते एका पानाच्या पत्रावर. त्या पत्राचा राग अजून गेलेला नाही, म्हणून आधी तेच सांगणार होते. पण काम काय असतं हे कळल्याशिवाय पत्राचं महत्त्व कळायचं नाही.

अमेरिकी लष्कराच्या विशेष दलांना पॅराशूट उड्यांचा सराव वर्षभर लागतो. खूप उंचीवरून उडी मारून छत्री खाली आल्यावर उघडायची, हे शिकवायला ॲरिझोनात युमाला स्वतंत्र शाळाच आहे. सी-१३०सारखं मोठं विमान दर वेळी मोकळं नसतं, आणि दहा-बारा जणांना सोडण्यासाठी ते उडवणं परवडतही नाही. मग खासगी कंपनीचं छोटं विमान वैमानिक आणि मेकॅनिकसकट भाड्याने घेतात. या कामात स्कायव्हॅन, कासा २१२ आणि ट्विन ऑटर ही नावं सारखी कानावर येतात. स्कायव्हॅन म्हणजे पंख लावलेला टेम्पो. दिसायला बेढब, पण मागचा दरवाजा सताड उघडतो आणि जवानांना मोठ्या लष्करी विमानासारखं मागून एकगठ्ठा बाहेर पडता येतं. ट्विन ऑटरला बाजूचा दरवाजा, त्यामुळे एकेकट्याने उड्या मारायला ते चांगलं. पाठीवर छत्री आणि पायांशी बोचकं बांधलेल्या आख्ख्या तुकडीला त्यातून पटापट बाहेर काढणं जिकिरीचं.

निविदा भरण्याचा भाग सुरळीत गेला, त्यामुळे थोडक्यात. 'सॅम' या सरकारी नोंदणीत कंपनीचं नाव असावं लागतं. तिथे कंपनीचे दोन ओळख क्रमांक मिळतात: १२ अक्षर-अंकांचा यूईआय आणि ५ अक्षर-अंकांचा केज कोड. नोंदणी दर वर्षी नवी करावी लागते. कंपनीचं कायदेशीर नाव आणि पत्ता सगळ्या कागदांवर अक्षरशः एकच हवा. एकीकडे 'इन्कॉर्पोरेटेड' आणि दुसरीकडे 'इन्क' एवढ्यावरूनही अडकतं. निविदेत नंतर झालेल्या प्रत्येक दुरुस्तीची पोच सही करून जोडायची. ती राहिली तर उत्तम किंमत देऊनही निविदा बाद होऊ शकते.

जवान प्रवासी म्हणून न्यायचे असतील, तर संरक्षण खात्याची वेगळी तपासणी आहे. १२ डिसेंबर १९८५ रोजी कॅनडातल्या गँडरला भाड्याचं डीसी-८ विमान कोसळलं. त्यात २५६ माणसं गेली, त्यातले २४८ अमेरिकी सैनिक. त्यानंतर कायदा झाला, आणि आता कंत्राटाआधी तपासणी, मग किमान दोन वर्षांतून एकदा पुन्हा तपासणी होते. नोंदवह्या, प्रशिक्षण, देखभाल सगळं बघतात. मागितलेल्या सेवेसारखीच सेवा सलग १२ महिने दिल्याचा अनुभवही लागतो. गँडर इथे मुद्दाम काढलं, कारण भाड्याच्या विमानाची जबाबदारी कोणाची, या प्रश्नाने या खात्याला एवढा दचका का बसतो, ते त्यावरून कळतं. आमचं पत्र याच प्रश्नावर अडकलं.

तर ते पत्र.

अमेरिकी कायद्यात एखादं उड्डाण 'नागरी' असतं किंवा 'सार्वजनिक', म्हणजे सरकारी. नागरी असेल तर विमानाची उड्डाणयोग्यता, वैमानिकांची पात्रता, देखभाल या सगळ्यावर एफएएचे, म्हणजे अमेरिकेच्या नागरी विमान वाहतूक यंत्रणेचे, नियम आणि देखरेख. सरकारी असेल तर यातल्या बहुतेक गोष्टींची जबाबदारी काम देणाऱ्या सरकारी खात्याकडे जाते. आकाशात सगळ्यांनी पाळायचे रहदारीचे नियम मात्र दोघांनाही सुटत नाहीत. विमान तेच, वैमानिक तेच, शेपटीवरचा नंबरही तोच. फरक कागदाचा. आणि हा निर्णय विमानागणिक होत नाही, उड्डाणागणिक होतो. सकाळची फेरी सरकारी आणि संध्याकाळी रिकामं परत येणं नागरी, असं सहज होतं.

आमचं उड्डाण नागरी म्हणून का बसत नव्हतं? पहिलं कारण अंतर. उडी मारणाऱ्यांना घेऊन उडायचं, मध्ये कुठेही न उतरता परत यायचं आणि उड्डाणतळापासून २५ मैलांच्या आतच राहायचं, तर भाग १३५चा, म्हणजे माणसं भाड्याने नेण्याचा, चार्टर परवाना लागत नाही. ही सवलत एफएएच्या नियम ११९.१मध्ये आहे. आमचं उडी-क्षेत्र ४० मैलांवर होतं. दुसरं कारण बैठक. नियम ९१.१०७ म्हणतो की विमानाच्या जमिनीवर बसायला परवानगी आहे, पण ती 'क्रीडा' पॅराशूटिंगसाठी आलेल्यांना. पाठीवर ऑक्सिजन आणि शस्त्र बांधलेला जवान खेळायला आलेला नसतो. प्रत्येकाला सीट द्यायची तर निम्मीच माणसं मावतात. तिसरी अडचण वेगळी, रात्रीचे सराव. सूर्यास्तानंतर विमानाचे दिवे लावलेच पाहिजेत, हा ९१.२०९. निविदेत मात्र दिवे बंद ठेवून सोडण्याच्या फेऱ्या होत्या. हा नियम सरकारी उड्डाणालाही लागतो, त्याची सूट एफएएकडून वेगळी घ्यावी लागते. पहिल्या दोन गाठी एकाच गोष्टीने सुटत होत्या: हे उड्डाण सरकारी आहे असं सरकारने लेखी द्यायचं.

एफएएची मार्गदर्शक सूचनाही तेच सांगते. कंत्राटदाराने पहिल्या उड्डाणाआधी सरकारकडून लेखी घोषणा घ्यावी आणि ती एफएएच्या संबंधित जिल्हा कार्यालयात द्यावी. आम्ही कंत्राटावर सही केली आणि दुसऱ्या दिवशी पत्र मागितलं. चूक इथेच झाली. सही करण्याआधी मागायला हवं होतं. सही झाल्यावर तुम्ही बांधले गेलेले असता, समोरच्याला घाई नसते.

तळाच्या करार कक्षातल्या अधिकाऱ्याने पत्राचं नाव ऐकताच फाइल मिटली. "असं पत्र आम्ही देत नाही." का, तर सही करणारा विमानाच्या सुरक्षिततेची जबाबदारी खात्यावर घेतो, आणि ते अधिकार आपल्याला आहेत की नाहीत याची त्याला खात्री नव्हती. खरं सांगायचं तर त्याची शंका अगदी चुकीची नव्हती. भाड्याचं विमान सैन्यासाठी उडतं तेव्हा कायद्यात (अमेरिकी कायदेसंहितेचं शीर्षक ४९, कलम ४०१२५) ते सरकारी ठरायचे मोजकेच मार्ग आहेत. एक म्हणजे लष्कराचा कायदा असलेल्या शीर्षक १०खालचं काम. एका मार्गात संरक्षणमंत्र्याने ते राष्ट्रहिताचं ठरवावं लागतं. पत्र कुठल्या मार्गाने द्यायचं हे ठरवायला विधी विभाग लागतो. राग शंकेचा नाही. निविदा काढताना ही शंका कोणाला आली नाही, याचा आहे. ४० मैलांचं अंतर त्यांनीच लिहिलं होतं.

मग टोलवाटोलवी. विधी विभाग म्हणाला, विमा कंपनी सरकारी उड्डाण मान्य करते असं लेखी आणा. विमा कंपनी म्हणाली, पॉलिसी नागरी वापरासाठी आहे. सरकारचं सही केलेलं पत्र दाखवा, मग जोडपत्र देऊ. जिल्हा कार्यालयाचं म्हणणं सरळ होतं: पत्र आल्यावर या. करार कक्ष म्हणाला, विधी विभागाचं उत्तर आलं की बघू. चार टेबलं, आणि प्रत्येक जण दुसऱ्याच्या सहीची वाट बघत होता. मी दर सोमवारी चौघांना ईमेल करत होते, आणि दर शुक्रवारी चौघांची तीच उत्तरं येत होती. पाचव्या आठवड्यात एका अधिकाऱ्याने विचारलं, पत्र नेमकं कशाबद्दल आहे? त्या दिवशी मी ऑफिसातून लवकर निघाले.

सुटलं कसं, ते महत्त्वाचं. कोणाला पत्र लिहायला सांगायचं थांबवलं आणि मसुदा आम्हीच लिहिला. त्यात कंत्राटाचा क्रमांक, मुख्य आणि राखीव अशा दोन्ही विमानांचे नोंदणी क्रमांक आणि निर्मात्याचे अनुक्रमांक, उडवणारी कंपनी, सरकारी काम कोणतं (जवानांना उडी प्रशिक्षण, 'प्रशिक्षणास साहाय्य' असं मोघम नाही), जागा, सुरुवातीची आणि शेवटची तारीख, उड्डाणयोग्यता आणि वैमानिकांवर देखरेख कोण करणार, आणि सही करणाऱ्याचा हुद्दा. हा मसुदा चौघांना एकाच वेळी पाठवला आणि चौघांना एकाच फोनवर आणलं. विमा कंपनीने जोडपत्र दिलं, पण अट घालून: सरकारी पत्रावर सही झाल्या क्षणापासून लागू. तेवढ्यावर विधी विभाग हलला. पहिली सही झालेली प्रत परत घ्यावी लागली, कारण राखीव विमानाचा क्रमांक टंकणाऱ्याने गाळला होता. मुख्य विमान बिघडलं असतं तर राखीव विमान नागरी राहिलं असतं आणि जमिनीवर बसलेले जवान बेकायदा. सातव्या आठवड्याच्या गुरुवारी दुसरी प्रत आली.

पत्र आल्यावरही एक गोष्ट लक्षात ठेवायची. पत्रात लिहिलेल्या कामाबाहेरचं प्रत्येक उड्डाण नागरी. विमान तळावर नेणं-आणणं, दुरुस्तीनंतरची चाचणी, सगळं. अशा फेरीत कौतुकापोटीसुद्धा कोणाला बसवायचं नाही. सरकारी कामासाठी विमानात बदल केला असेल, तर नागरी वापराआधी ते मूळ मान्य रचनेत आलंय याची तपासणी आणि नोंदवहीत नोंद हवी.

बदलावरून आठवलं. स्थिर दोरीच्या, म्हणजे विमानाला अडकवलेल्या दोरीने छत्री आपोआप उघडणाऱ्या, उड्यांसाठी छताजवळ लोखंडी दोर लागतो, ज्याला जवान आपल्या दोरीचा हूक अडकवतो. हा दोर बसवणं मोठा बदल गणला जातो. त्याला मंजूर आराखडा आणि अशा बदलाची नोंद करायचा एफएएचा फॉर्म ३३७ लागतो. "आपल्या वर्कशॉपमध्ये लावून टाकू" हे चालत नाही. जवान विमानाबाहेर लटकत राहिला तर पूर्ण ओढ त्या दोरावर येते.

आता किमतीचं. निविदेत 'उड्डाणाचा तास' म्हणजे काय, ते शब्दशः वाचा. चाकांखालचे ठोकळे काढल्यापासून परत लावेपर्यंत, की चाकं धावपट्टीवरून उचलल्यापासून टेकेपर्यंत? छोट्या फेऱ्यांत फरक मोठा होतो. दिवसाला १० फेऱ्या आणि प्रत्येकीत ८ मिनिटं टॅक्सी, म्हणजे जमिनीवरची ये-जा, धरली, तर रोज ८० मिनिटं कोणाच्या खिशातून जाणार ते या एका वाक्यावर ठरतं. दिवसाचे किमान हमी तास मागा. हवामानामुळे रद्द झालेल्या दिवसाचे पैसे कोण देणार, तेही.

वजनात नागरी हिशेब लावू नका. क्रीडा पॅराशूटवाला सगळं धरून २०० पौंड समजा. बोचकं, शस्त्र, ऑक्सिजनसकट जवान ३३० पौंडांपर्यंत जातो. १२ जणांमागे १,५६० पौंडांचा फरक. ॲरिझोनाच्या उन्हाळ्यात या वजनाने वर चढायला किती मिनिटं लागतात, ते कागदावर नाही, उडवून बघा. आणि सगळे एकदम मागच्या दरवाजाकडे सरकले की विमानाचं नाक वर जातं. विमानातल्या जमिनीवर रंगाची पट्टी मारून, तिच्या मागे एका वेळी किती जण, हे वैमानिक आणि जंपमास्टरने (उड्यांवर देखरेख करणाऱ्याने) आधी ठरवायचं.

ऑक्सिजनचा नियम नागरी असो वा सरकारी, आम्ही सारखाच पाळतो: १२,५०० फुटांच्या वर ३० मिनिटांहून जास्त वेळ असेल तर त्या जास्तीच्या वेळेत वैमानिकांना, १४,००० फुटांच्या वर त्यांना पूर्ण वेळ, आणि १५,००० फुटांच्या वर विमानातल्या प्रत्येकासाठी सोय. जवानांचं ऑक्सिजन यंत्र लष्कर आणतं. ते कुठे आणि कशाने बांधायचं ते मात्र आपल्याला ठरवावं लागतं.

लष्करी धावपट्टीवर उतरायला संरक्षण खात्याचे तीन वेगळे फॉर्म लागतात: विम्याचा डीडी २४००, उतरण्याच्या परवान्याचा डीडी २४०१, आणि नुकसानीचा दावा न करण्याचा डीडी २४०२. यातला २४०० विमा कंपनीकडून भरून आणायचा असतो. त्यात सरकारविरुद्ध वसुलीचा हक्क सोडल्याचं लिहिलेलं असतं, म्हणून सरकारी-उड्डाणाचं जोडपत्र मागतानाच हाही मागून टाका. दोनदा विमा कंपनीच्या दारात जाणं मी तरी टाळेन.

बिलासाठी रोजच्या फेऱ्यांच्या पानावर सरकारच्या प्रतिनिधीची सही त्याच संध्याकाळी घ्या. तुकडी दुसऱ्या दिवशी निघून जाते, आणि मग सहीसाठी माणूस शोधण्यात महिना जातो. बिल ऑनलाइन भरायचं. ते बिनचूक असेल तर साधारण ३० दिवसांत पैसे येतात.

आपल्यापैकी कोणी या क्षेत्रात नोकरी शोधत असेल तर: निर्यात-नियंत्रित तांत्रिक कागद ग्रीन कार्डधारक बघू शकतो, एच-१बीवाला परवान्याशिवाय नाही. तळावर आत जायची परवानगी त्याहून वेगळी. मुलाखतीतच विचारा.

आमच्या पत्रात शेवटची तारीख मूळ कंत्राटाची आहे. पुढचं वाढीव वर्ष सुरू व्हायला तीन महिने आहेत. नवा मसुदा काल चौघांना एकदमच पाठवलाय, दोन्ही विमानांच्या क्रमांकांसकट.