लय बदलते, प्रमाण नाही

ऊब वाढली की अंड्यातली वाढ झपाट्याने होते, हे कोंबडीची अंडी उबवणाऱ्या कुणालाही सांगावे लागत नाही. मला मात्र कुतूहल आहे ते त्या वेगात टप्प्यांचे आपसातले प्रमाण टिकते की नाही याचे. पिकलेल्या केळ्यांभोवती चिलटांसारख्या घोंगावणाऱ्या ड्रॉसोफिला माशीवर स्टीव्हन कुंट्झ आणि मायकेल आयझेन यांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेले संशोधन या बाबतीत फार बोलके आहे. 17.5 ते 32.5 अंश सेल्सिअसमधील सात तापमानांना अंडी ठेवून त्यांनी क्रमवार छायाचित्रे घेतली आणि भ्रूणवाढीतील 36 खुणा कधी दिसतात ते नोंदवले. 17.5 अंशांना अळी बाहेर पडायला सुमारे 33 तास लागले, तर 27.5 अंशांना 16. त्याहून अधिक उष्णतेत वाढ पुन्हा किंचित मंदावली. तरीही, भ्रूणात पेशींची आवरणे तयार होण्यापासून अळी बाहेर पडेपर्यंतच्या काळाचा जेवढा हिस्सा एखाद्या टप्प्याला थंडीत लागला, तेवढाच उष्णतेतही लागला. ठेका तोच राहावा आणि लय तेवढी चढावी, तसे हे झाले. आणखी दहा प्रजाती तपासल्या, तेव्हा एकूण काळ 13 तासांपासून 46 तासांपर्यंत पसरला, पण प्रमाण ढळले नाही.

यात नवल वाटण्याचे कारण रसायनशास्त्रात आहे. प्रत्येक जैवरासायनिक क्रिया उष्णतेला सारखाच प्रतिसाद देत नाही. एखादी दुप्पट वेगाने होईल, दुसरी जेमतेम दीडपट. अशा शेकडो क्रियांवर उभी असलेली वाढ तापमान बदलताच विस्कळीत व्हायला हवी होती. ती का होत नाही, याचे मला पटेल असे साधे उत्तर अजून वाचनात आलेले नाही.

2005 मधला एक प्रयोग तर याहून धीट होता. ड्रॉसोफिलाच्याच अर्ध्या मिलिमीटरच्या अंड्याभोवती पाण्याचे दोन प्रवाह शेजारी शेजारी वाहते ठेवून त्याचा एक अर्धा भाग 20 अंशांना आणि दुसरा 27 अंशांना ठेवण्यात आला. उबदार भागातील केंद्रकांचे विभाजन पुढे निघून गेले, थंड भाग मागे राहिला. तरीही शरीराचे खंड आखणारी जनुके जिथे सक्रिय होतात ते पट्टे अखेर जवळपास जागच्या जागी उमटले.

झेब्रामासा या छोट्या माशावर काम करणाऱ्यांनी मात्र भ्रूणाचे वय ठरवण्याच्या मोजपट्टीतून एक टप्पा वगळला आहे, तो म्हणजे अंड्याबाहेर येणे. 28.5 अंशांच्या त्याच पाण्यात एकाच वेळी घातलेली अंडी दुसऱ्या दिवसाच्या अखेरीपासून तिसरा दिवस संपेपर्यंत केव्हाही फुटतात, त्यामुळे पिल्लू बाहेर आले की आत आहे यावरून त्याचे वय ठरवता येत नाही.