ठाणे खाडीच्या नकाशासाठी फुकट उपग्रह चित्रे

गूगलच्या नकाशाचा स्क्रीनशॉट कितीही स्वच्छ दिसला तरी त्याला अक्षांश-रेखांश चिकटलेले नसतात, मोजणीसाठी तो निरुपयोगी. इस्रोच्या भूनिधी पोर्टलवर खाते उघडा आणि रिसोर्ससॅट उपग्रहाच्या लिस-४ कॅमेऱ्याची चित्रे घ्या. पिक्सेल ५.८ मीटरचा. यात निळा बँड, म्हणजे निळ्या प्रकाशाची वेगळी नोंद, नसतो, त्यामुळे नैसर्गिक रंग मिळणार नाहीत. इन्फ्रारेड बँड लाल रंगात दाखवला की कांदळवन मात्र लालभडक उठून दिसते.

निळा बँड हवा असेल तर कोपर्निकस या युरोपीय उपक्रमाच्या साइटवरून सेंटिनेल-२ उपग्रहाची लेव्हल-२ए (वातावरणाचा परिणाम काढलेली) चित्रे उतरवा: बी२ (निळा), बी३ (हिरवा), बी४ (लाल), बी८ (इन्फ्रारेड), सगळे १० मीटरचे. क्यूजीआयएस या नकाशाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये 'बिल्ड व्हर्च्युअल रास्टर' चालवताना प्रत्येक फाइल वेगळ्या बँडमध्ये टाकण्याची खूण करा. प्रक्षेपण ईपीएसजी ३२६४३ (मीटरमध्ये मोजणारी यूटीएम ४३ उत्तर पद्धत) ठेवा, म्हणजे क्षेत्रफळ थेट चौरस मीटरमध्ये मिळते. इमारतींच्या कडा यातून काढू नका, एक पिक्सेलच १०० चौरस मीटरचा आहे.

२५ जानेवारी २०२२पासून सेंटिनेलच्या पिक्सेलमधल्या आकड्यांत १००० अधिक असतात. ते वजा न करता एनडीव्हीआय (लाल आणि इन्फ्रारेडवरून काढलेला हिरवाईचा निर्देशांक) काढला तर जुन्या वर्षांशी तुलना साफ चुकते, आणि कांदळवन घटल्याचा खोटा निष्कर्ष निघतो. हे फार जण विसरतात.

जून ते सप्टेंबर ढगच ढग, नोव्हेंबर ते फेब्रुवारीतली तारीख निवडा. ऐरोलीजवळ भरतीत चिखलपट्टा बुडतो, म्हणून तुलनेच्या दोन्ही वर्षांच्या चित्रांची वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ताडून पाहा. शेवटी दोन्ही चित्रांत वाशी पुलाची टोके एकाच जागी जुळतात का, तेही तपासा.