राडिकाच्या खोऱ्यातले सुतार

देबारला जाणाऱ्या बसने आम्हाला मठाच्या फाट्यावर उतरवलं आणि माझी छत्री घेऊन ती पुढे निघून गेली. दहाच मिनिटांत पाऊस. स्वेती योवान बिगोर्स्कीच्या दारात आम्ही पोहोचलो ते निथळत.

उत्तर मॅसिडोनियात, अल्बानियाच्या सीमेलगत राडिका नदीचं हे खोरं आहे. इथल्या सच्छिद्र चुनखडी दगडाला 'बिगोर' म्हणतात, त्यावरून मठाचं नाव पडलं. स्थापना 1020 ची, असं परंपरा सांगते. पुढे उजाड झालेला हा मठ 1743 मध्ये पुन्हा उभा राहिला. 2009 च्या आगीत भिक्षूंच्या जुन्या इमारती जळाल्या, पण चर्च वाचलं. ते वाचलं म्हणून तर आम्ही आलो होतो.

आत गाभाऱ्यापुढे अक्रोडाच्या लाकडाची कोरीव भिंत आहे. पेत्रे फिलिपोव्स्की आणि माकारिये फ्र्चकोव्स्की या कारागिरांनी साथीदारांसह 1829 ते 1835 अशी सहा वर्षं ती कोरली. संत, देवदूत, द्राक्षांचे वेल, पक्षी यांची नुसती दाटी! मेणबत्तीच्या उजेडात बराच वेळ शोधल्यावर एका कोपऱ्यात ते स्वतःच सापडले. हातात हत्यारं, काम चालू. आपल्याकडची लेणी आठवली. तिथे पाथरवटाचं नावही सहसा सापडत नाही, आणि हे गडी थेट संतांच्या पंगतीत बसलेत. मला त्यांचा हा आगाऊपणा फार आवडला.

बाहेर एका भिक्षूने कोरडा टॉवेल आणि कॉफी दिली. समोरच्या उतारावर रोस्तुशे गावाची मशीद दिसत होती. तिथले मुसलमान घरात मॅसिडोनियनच बोलतात.

आदल्या दिवशी माव्रोवोच्या तलावात बुडालेलं 1850 चं सेंट निकोलस चर्चही पाहिलं होतं. 1953 मध्ये धरणाचं पाणी चढलं, आता फक्त भिंती उरल्यात. फोटोंत दिसतं तेवढं उदास मात्र वाटत नाही. पोरं काठावर मासे धरत होती.

दुसऱ्या दिवशी 'यांचे' नावाच्या गावाहून चढून गालिचनिकला गेलो. उंची साधारण 1400 मीटर, माझे गुडघे मात्र जास्त सांगत होते. माकारिये याच गावचा. इथले पुरुष पिढ्यानपिढ्या कमाईला परदेशी जायचे. त्याला 'पेचाल्बा' म्हणतात. हिवाळ्यात गाव जवळजवळ रिकामं असतं. जुलैत पेत्रोवदेनला, म्हणजे संत पीटरच्या सणाला, इथे पारंपरिक लग्नसोहळा असतो, तेव्हा गाव भरतं. गणपतीला चाकरमानी कोकणात उतरतात, अगदी तसंच. पुरुष 'तेश्कोतो', म्हणजे 'अवघड' नावाचा नाच करतात, संगतीला ढोल आणि सनईच्या नात्यातली झुर्ला.

आम्ही गेलो सप्टेंबरात. दगडी घरांच्या खिडक्या बंद. एका अंगणात आजीबाई मिरच्या भाजत होत्या. भाषेचा काही मेळ बसेना, तेव्हा त्यांनी एक भाजकी मिरची सोलून, मीठ लावून ब्रेडवर ठेवली आणि तो तुकडा माझ्या हातात दिला. खाली उतरेपर्यंत बोटांना धुराचा वास येत होता.